चुकलेल्या पाट्यांपैकी एक

तीर्थरूप दादास,

वाकून नमस्कार (कंबर धरल्यामुळे तो मनातल्या मनात घातला आहे, चालवून घे). तुझी तब्येत बरी असेल. वहिनी फोनवर म्हणाली की पोट सुटलंय, तेव्हा बरीच असणार. इकडे सगळं ठीक आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. बाबांना जाऊन आज दोन महिने झाले आणि तू आला नाहीस. हे पहिल्याच परिच्छेदात लिहायचं नाही असं ठरवलं होतं, पण लिहून बसले.

तर पाट्यांची कर्मकथा ऐक. आपल्या गल्लीच्या तोंडाशी गाड्या सुसाट येतात. वर्षभरात तीन म्हाताऱ्या माणसांना धक्का लागला, तेव्हा गल्लीच्या समितीला जाग आली आणि घरचीच डिझायनर म्हणून (म्हणजे फुकट) पाट्यांचं काम माझ्या गळ्यात पडलं. गाडीवाला थांबला पाहिजे आणि आपली गल्लीही ओळखू आली पाहिजे, एवढंच त्यांचं म्हणणं. मग इस्त्रीवाल्याला चित्रात इस्त्री हवी झाली, बेकरीवाल्याला भट्टी, आणि चिटणीसांना ताठ मानेचा म्हातारा, कारण वाकलेला दाखवला तर गल्लीची शोभा जाते (ते स्वतः काटकोनात चालतात). मी सगळ्यांना हो म्हटलं आणि कुणाचंच ऐकलं नाही. बाबा दूध आणायला निघाले होते, त्यांच्या मागून जाऊन पाठमोरे फोटो काढले आणि त्यावरून साधी काळी आकृती केली. टोपी, पिशवी, आणि पस्तीस वर्षं टपालाची थैली वाहून उतरलेला डावा खांदा.

घोळ पुढे झाला. माणूस रस्त्याच्या बाजूला चाललेला दिसावा म्हणून छापायला देताना मी अख्खी आकृतीच आरशातल्यासारखी फिरवली. अकरा पाट्या लागल्या आणि सकाळी आपल्या दाराशी रांग. पाटीवर नाव नव्हतं, चेहरा नव्हता, तरी सगळ्यांनी बाबांना ओळखलं, आणि ओळखलं म्हणूनच चिडले. शिंपीकाका तर टेप घेऊन आले. बाबांच्या कोटाच्या डाव्या खांद्यात ते वीस वर्षं जास्तीचा कापूस भरत आले होते, आणि मी उजवा खांदा पाडून त्यांच्या हयातभराच्या कामावर पाणी फिरवलं होतं. शेवटी सगळ्या पाट्या उतरवून पुन्हा छापल्या. बाबा मात्र चुकलेल्या पाटीसमोर बराच वेळ उभे राहिले. मला वाटलं, रागावले.

"हा मी नाही," ते म्हणाले. "हा थोरला चाललाय."

दप्तर उजव्या खांद्याला अडकवतोस म्हणून ते तुला किती बोलायचे, आठवतं? तुम्हा दोघांच्या अबोल्याला सहा वर्षं झाली होती. तेवढ्या काळात त्यांच्या तोंडून तुझा विषय मी पहिल्यांदा ऐकला. मग ते दूध आणायला गेले.

नव्या पाट्या लागल्या आणि महिन्याभरात बाबा गेले. गाड्या आता खरंच हळू येतात. शेजारची गल्ली आपल्याला 'पिशवीवाल्यांची गल्ली' म्हणते, आणि आपली मंडळी पत्ता सांगतानाही तेच सांगतात. पोरांच्या फुटबॉलच्या शर्टावर बाबा छापलेत (जन्मात कधी पळाले नाहीत). चिटणीस ताठ मान विसरले आणि येणाऱ्याजाणाऱ्याला पाटी दाखवत फिरतात. फक्त मलाच त्या रस्त्यानं जाता येत नाही. अकरा ठिकाणी बाबा पुढे चाललेले दिसतात आणि मागे वळून बघत नाहीत. दूध आणायला मी मागच्या बोळातून जाते. फार रडू येतं, दादा.

चुकलेल्या पाट्या चिटणीसांनी भंगारात दिल्या, तेव्हा दहाच भरल्या. अकरावीवरून इस्त्रीवाल्यावर संशय घेऊन झाला. परवा बाबांची खोली आवरताना ती सापडली. कपाटाच्या आड टेकवलेली, दारातून दिसणार नाही पण पलंगावर पडलं की समोर येईल अशी. खोलीभर धूळ होती. पाटीवर तेवढी कमी होती.

वहिनीला सप्रेम नमस्कार.

तुझी,
धाकटी

ता. क. ती पाटी तुझी आहे. पाठवून दिली असती, पण कुरिअरवाला म्हणतो, एवढं मोठं सामान घेत नाही. तेव्हा येऊन घेऊन जा.

ता. क. कुरिअरवाल्याला मी विचारलेलंच नाही.