ठिणगीचा पट्टा

सोमवार, ४ तारीख
ट्रिपला निघण्याआधी सगळ्यांच्या प्रकृतीची विचारपूस केली. हिचे गुडघे कसे आहेत? जिना दिसला की कुरकुरतात. चिरंजीवांचं मनगट? अजून प्लास्टरमध्ये. सूनबाईंची कंबर? बसली की उठत नाही, उठली की बसत नाही. नात ठिणगी? वय आठ, प्रकृती तोफेसारखी. आणि मी? ठणठणीत! जन्मभर शिलाई मशीन चालवलेले पाय आहेत हे, चेष्टा नाही.

तळ्याकाठच्या पार्कला जायचंय. तिथे होड्या, झुडपांचा चक्रव्यूह, सशांना गाजरं भरवणं असं सगळं आहे. आणि झिपलाइन. म्हणजे उंच मनोऱ्यावरून तारेला लटकून तळ्यापलीकडे जायचं. लहान मुलासोबत शेजारच्या तारेवर एक मोठं माणूस लागतंच. ठिणगीने विचारलं, माझ्याबरोबर कोण येणार? सगळे माझ्याकडे बघायला लागले. म्हटलं, मी! त्यात काय एवढं?

जेवण गेलं नाही. भाजी अळणी होती. बाकीच्यांनी दोनदा घेतली, त्यांच्या जिभा बिघडल्या असाव्यात.

मंगळवार, ५
सराव सुरू. स्टुलावर उभा राहिलो. खाली पाहिलं. उतरलो. स्टुलाचा एक पाय आखूड आहे.

बुधवार, ६
चिरंजीवांनी एका हाताने स्टूल हलवून दाखवलं, जागचं हललं नाही. म्हणजे फरशी वाकडी. आजचा सराव पलंगावर आडवं पडून केला. मनातल्या मनात तळं ओलांडायचं. डोळे उघडे ठेवले तर घाम येतो, मिटले तर जास्त येतो. पंखा फार हळू फिरतो.

गुरुवार, ७. संध्याकाळ
पार्कच्या कॉटेजमध्ये पोचलो. मनोरा पाहिला. फोटोत एवढा उंच नव्हता.

लोक तारेवरून किंचाळत जातात. ही म्हणाली, आनंदाने किंचाळतायत. म्हटलं, आनंदाने कोणी किंचाळतं का? आपण लग्नात किंचाळलो होतो का? ही म्हणाली, मी मनात.

ठिणगीने माझा हात धरला. आजोबा, तुमचा हात इतका गार का? म्हटलं, तळ्यावरचा वारा. मग म्हणाली, मला पण थोडी भीती वाटतेय, पण तुम्ही आहात ना. शाळेत सगळ्यांना सांगून आलेय, मी आणि आजोबा जाणार.



शुक्रवार, ८. सकाळी
आमचा नंबर दुपारचा. उद्या परत निघायचं, म्हणजे जे काही ते आजच. मी शांत आहे. सशांना गाजरं द्यायला गेलो. एक ससा कोपऱ्यात अंग चोरून थरथरत होता. त्याला म्हटलं, बाबा रे, काही होत नाही. त्याला पटलं नाही.

शुक्रवार, दुपार
मनोऱ्याच्या पायथ्याशी झिपलाइनच्या शिट्टीवाल्या बाईंनी दोघांचे तारेला अडकवायचे पट्टे बाकावर ठेवले नि थांबायला सांगितलं. ठिणगी हेल्मेट आणायला पळाली. सहज पट्टा हातात घेतला. माझा नव्हे, तिचा. नातीच्या जिवापुढे माझा काय! एक टाका कच्चा वाटला. खिशात कात्री असतेच. जरासा उसवून पाहिला. दोरा सर्रकन निघत गेला. पुन्हा दुहेरी टाके घालणारच होतो, पण सुई कॉटेजवर.

बाई आल्या. तोंडातली शिट्टी खाली पडली. म्हणाल्या, काका, हा मशीनवर ताणून तपासलेला पट्टा, आता भंगार. लहान मापाचा दुसरा? पुढच्या आठवड्यात येईल. तुमचा पट्टा मात्र शाबूत आहे, तुम्ही जाऊन या.

म्हटलं, नातीला सोडून मी एकटा मजा मारू?

एवढ्यात ठिणगी हेल्मेट घालून धावत आली. तिने पट्टा पाहिला. कात्री पाहिली. मग माझ्याकडे पाहिलं. रडली असती तर बरं झालं असतं.

शुक्रवार, संध्याकाळ
ठिणगी दार लावून आत बसलीय. आईशी बोलते, माझ्याशी नाही. ही म्हणाली, नाचता येईना अंगण वाकडं असं ऐकलं होतं. अंगणच उसवून ठेवणारा माणूस आज पाहिला.

दाराखालून चिठ्ठी सरकवली: 'सेफ्टीच्या दृष्टीने आजोबांना कठोर निर्णय घ्यावा लागला.' तशीच परत बाहेर आली. फटीतून ती ढकलणारा एक छोटा पाय दिसला.

मग दुसरी लिहिली:

'ठिणगे, तुझा पट्टा चांगला होता. मला फार भीती वाटत होती. अजून वाटतेय, पण आता मनोऱ्याची नाही. उत्तर लवकर लिही. मी दाराबाहेरच बसलोय.'