देवळात गेलेला नर

उइदा, ३ सप्टेंबर

ती. अफिवा आत्यास,
सेजरोचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तू दोन वाक्यं रागावतेस आणि ठेवून देतेस, म्हणून पत्र. बाबांनी अखेर परसातली खोली दिली. अजगर पाळ, वीण करून बघ, पण फेब्रुवारीअखेर अंडी दिसली नाहीत तर खोकी रिकामी करायची आणि मामाच्या सिमेंटच्या दुकानात बसायचं, असं बजावलंय. एवढं बोलायलाही त्यांना चार दिवस लागले. रस्त्यात अजगर दिसला की वाडवडील आले म्हणून गुडघे टेकून कपाळाला माती लावणारा माणूस तो, आणि पोरगा म्हणतोय वाडवडिलांना खोक्यात घालतो!

पण आत्या, घ्यायचे कोणते? माझं डोकं भंजाळलंय. एक विकणारा म्हणतो पिवळा घे, दुसरा म्हणतो ठिपक्यांचा. तिसरा अगदी साधाच अजगर पुढे करतो आणि म्हणतो, रंग आत दडलाय. आत दडलेलं मी कसं बघू? मोठी मादी घ्यावी की पिल्लू? एक जोडी की एक नर आणि चार माद्या? वहीत सात याद्या झाल्या, सातही वेगळ्या. तू बावीस वर्षं लोमेच्या फार्मवर हेच केलंस, तूच सांग. सिमेंटची पोती माझ्या पाठीला शोभणार नाहीत, हे लक्षात ठेवून लवकर लिही.

तुझाच,
सेजरो


लोमे, १४ सप्टेंबर

चि. सेजरो यास अनेक आशीर्वाद.

सातही याद्या चुलीत घाल. रंगावर भाळलास की फसलास. नवख्याने माद्या मोठ्याच घ्याव्यात, तीन वर्षांच्या पुढच्या, आपल्या बुटक्या जातीत दीड किलोहून जड. पिल्लं घेतलीस तर ती वयात येईपर्यंत तू मामाच्या दुकानात म्हातारा होशील. विकणाऱ्याला सांगायचं, माझ्यासमोर उंदीर घाल. खात नाही तो कितीही देखणा असो, उचलायचा नाही. तोंडात चिकट लाळ नको, श्वासाला शिट्टी नको. हातात घेतला की दोरीसारखा लोंबतो तो नको, मनगट धरून ठेवतो तो घ्यावा. आणि दडलेल्या रंगाचं म्हणशील तर आईबाप दाखव म्हणावं. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

जाऊ दे, तू गोंधळशीलच. तिघं मीच पाठवते, आयिते ड्रायव्हरच्या गाडीतून, माझ्या परसातले. दिसायला तिघंही साधे तपकिरी, पण नराची आई दुधासारखी पांढरी होती आणि दोन्ही माद्यांचीही तशीच. चार पिल्लांत एखादं पांढरं निघेल. नराची खूण सांगते: डाव्या डोळ्यामागची पिवळी रेघ मध्येच तुटलीय. त्याला जप. वयात आलेला माझ्याकडे तो एकच, त्याच्या मागचा अजून पिल्लू आहे.

दादाला नमस्कार सांग. लहानपणी तो कोंबडीलाही भ्यायचा, हेही सांग.

तुझी,
अफिवा आत्या


उइदा, २१ ऑक्टोबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

काय लिहू आणि कसं लिहू? नर गेला. मेला नाही, देवळात गेला.

गुरुवारी मी उंदीर आणायला बाजारात गेलो होतो. झाकणाची कडी नीट बसली नसावी. बाबांना उंबऱ्यावर अजगर दिसला, आणि उइदातला कुणीही करेल तेच त्यांनी केलं. पांढऱ्या फडक्यात घेऊन गावातल्या अजगरांच्या देवळात पोचवला. त्यांचा काय दोष? त्यांना सगळे सारखेच.

मी धावत गेलो. आत्या, पन्नासच्या वर आहेत तिथे, एकमेकांत गुंतलेले! तुटकी रेघ शोधायला लागलो तर एकाची तुटलेली वाटली, मग तिघांची, मग सगळ्यांचीच. पुजारीबाबा म्हणाले, इथे आलेला कुणाचा नसतो. तरी तुझा ओळखलास तर मी डोळे मिटून घेईन. पण चुकून दुसराच उचलला तर? बाबांनाही नेलं. त्यांनी सगळ्यांवरून नजर फिरवली आणि म्हणाले, मला नाही ओळखता येत. तेव्हापासून ते नीट जेवत नाहीत. माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त लागलंय बहुतेक.

माद्या तयार आहेत आणि नर नाही. मामाने दुकानात माझ्यासाठी खुर्चीसुद्धा ठेवली. आता मी काय करू?

तुझा गोंधळलेला,
सेजरो


उइदा, २ नोव्हेंबर

चि. अफिवास अनेक आशीर्वाद.

मला अक्षर येत नाही हे तू जाणतेस. नेहमीची पत्रं सेजरो लिहितो, तोच वाचून दाखवतो. हे मात्र टपालकचेरीसमोरच्या मास्तरांकडून लिहून घेतोय. उत्तरही त्यांच्याच पत्त्यावर पाठव, घरी नको.

मला ओळखता येतं. उंबऱ्यावर होता तेव्हाच डोळ्यामागची रेघ दिसली होती. आधी गुडघे आपोआप टेकले. मग परत खोक्यात ठेवायला म्हणून उचलला, तर त्याने माझं मनगट धरलं. तेवढ्यात समोरची बाई बाहेर आली आणि वाकली. मग तिची सासू, मग सगळी गल्ली. सगळे कपाळाला माती लावताहेत आणि मधे मी. त्यांना कसं सांगू, की हा खोक्यातला आहे, माझ्या मुलाने याला उलटा करून नर की मादी ते बघितलंय? पाय देवळाकडे वळले. खरं सांगतो, चालताना बरं वाटलं. फार दिवसांनी मी कुणीतरी होतो.

पण देवळात पोरासमोर खोटं बोललो, ते गिळवत नाही. रोज सकाळी जातो. तो खांबाजवळ असतो, मला दिसतो. आणला तर देवाची चोरी, ठेवला तर मुलाची. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. तू आपल्याच घरची लेक आणि अजगरांचंच काम केलेली. यातलं कमी पाप कुठलं, ते कळव.

तुझा,
दादा दान्सू


लोमे, ९ नोव्हेंबर

ती. दान्सू दादास,
अफिवाचा सा. न. वि. वि.

पाप मला विचारू नकोस. बावीस वर्षं मी त्यांना पेट्यांत भरून बोटीवर चढवलं आणि प्रत्येक पेटीशी मनातल्या मनात माफी मागितली. पोट भरलं, पण मन मोकळं झालं नाही. हे आज पहिल्यांदाच कुणाला सांगतेय.

नर तिथेच राहू दे. पांढऱ्या फडक्यातून नेलेला परत आणायचा नसतो, हे तुला मी शिकवायला नको. त्याच्या मागचा धाकटा नर मी पाठवीन, तो कामाला यायला पुढचा हंगाम उजाडेल. म्हणजे अडचण अजगराची नाहीच, तुझ्या फेब्रुवारीच्या मुदतीची आहे.

आणि दादा, हे पत्र मी मास्तरांकडे पाठवलं नाही. घरीच पाठवलंय. आपल्या बाबांनी आपल्या दोघांना एकमेकांपासून लपवायला शिकवलं, ते आता पुरे.

सेजरो, बाळा, हे तूच त्याला वाचून दाखवतोयस ना? तुझ्या बापाला तो नर पहिल्या दिवसापासून ओळखता येत होता. चिडायचं असेल तर नंतर चीड. आधी पत्र खाली ठेव आणि त्याच्या तोंडाकडे बघ. तो मान खाली घालून बसला असेल. त्याला पाणी दे आणि शेजारी बस. मुदत त्याने घातली, ती त्यालाच उठवू दे.

उठवली का, तेवढं कळवा. दोघांवर सारखाच जीव असलेली,
अफिवा