मिडनाइट ऑइल आणि अण्णांची झोप

अण्णा, आज दिवसभर मी लोकांच्या मुलाखती घेतल्या आणि दर दुसऱ्या माणसामागं तुमची आठवण आली. वाळूजच्या एका कंपनीत माणसं निवडायचं काम माझ्याकडं आहे. तुम्हाला हे ठाऊक असायचं कारण नाही, तुम्ही गेलात तेव्हा मी कॉलेजात होते. इथं येणारा जो तो सांगतो की तो मिडनाइट ऑइल जाळतो, एकही दगड उलटवायचा ठेवत नाही आणि एक्स्ट्रा माइल तर रोजच चालतो. सगळं इंग्रजीत, घोटून घोटून पाठ केलेलं. मी मान डोलावते, मार्क देते आणि मनात म्हणते, बाबा रे, तू आमच्या अण्णांपुढं बसायला पाहिजे होतास.

तुमच्या चिकलठाण्याच्या कंपनीत सुपरवायझरची जागा निघाली तेव्हा मी नववीत होते. लेथ मशीनवर तुमचा हात किती बसलाय ते सगळ्या कारखान्याला माहीत होतं, पण साहेब नवा आला होता, बाहेरचा, आणि मुलाखत इंग्रजीत घेणार होता. आपल्या घराला त्या जागेची ओढ एकाच गोष्टीसाठी होती. सुपरवायझरला रात्रपाळी नसायची. हर्सूलच्या त्या दोन खोल्यांत तुम्ही दिवसा झोपायचात, आई खिडकीला जाड चादर बांधायची आणि आम्ही भावंडं कुजबुजत जेवायचो. ताट जरा वाजलं की आई डोळे वटारायची. ती चादर एकदाची काढून टाकायची, एवढंच तिला पाहिजे होतं. मलापण. भर दुपारी अंधारात बसून अभ्यास करायचा मला लई वैताग यायचा.

माझ्या इंग्रजीच्या गाइडात शेवटी यश आणि कष्टावरचे वाक्प्रचार दिले होते. ते तुमच्याकडून पाठ करून घ्यायचे, असं मीच ठरवलं. आई भाकरी थापतेय, तुम्ही पाटावर बसून बशीतून चहा पिताय आणि मी हातात पट्टी घेतलेली मास्तरीण. पहिलाच आला बर्न द मिडनाइट ऑइल, म्हणजे रात्र रात्र जागून कष्ट करणं. तुम्ही म्हणून दाखवलंत, उच्चार झकास आला, आणि मग बशी खाली ठेवून विचारलंत, ‘‘पण ह्ये माझं हाय का?’’ मला काही कळेना. तर म्हणे, पाळी असली की जागतो, ते कंपनीच्या ट्यूबलाइटखाली. नसली की जेवून आडवा होतो. झोप मोडून लेथवर उभं राहिलं तर हातातलं काम बिघडतं, बोट जातं ते वेगळंच. मग साहेबाला असं कसं सांगायचं? लीव्ह नो स्टोन अनटर्न्ड, म्हणजे कसलीच कसर न ठेवणं, याला तर तुम्हाला हसूच फुटलं. आजोबांच्या रानात दगडच दगड, सगळे उलटवत बसले असते तर पेरणी कधी केली असती, असं तुमचं म्हणणं. एल्बो ग्रीस, म्हणजे अंगमेहनत, मात्र पहिल्या झटक्यात पास झालं. कोपरापर्यंत काळे झालेले हात आईपुढं नाचवत ‘ह्ये माझं हाय’ म्हणालात, आणि पुढं काही दिवस घरात तेच चाललं. भांडी घासताना आईलापण तुम्ही ते बहाल करून टाकलंत.

मी चिडायचे. अण्णा, हे नुसतं म्हणायचं असतं, सगळेच म्हणतात, कुणी तपासायला येत नाही. तुमचं आपलं एकच, की साहेबापुढं उभं राहून बोलायचं म्हणजे देवळात उभं राहून बोलल्यासारखं आहे. बोलायची भाषा बदलली म्हणून त्यात काय फरक पडतो, हे तुम्हाला खरंच समजत नव्हतं.

मुलाखतीच्या दिवशी तुम्ही घरी आलात ते इतके खुशीत, की आईनं साखर काढून सगळ्यांच्या हातावर ठेवली. मग तुम्ही सगळं सांगायला लागलात. साहेबानं विचारलं होतं, कष्टाची तयारी किती आहे? आणि तुम्ही ताठ उभे राहून सांगितलं होतंत, ‘‘सर, आय डू नॉट बर्न मिडनाइट ऑइल. आय स्लीप फुल. सम स्टोन्स आय लीव्ह. बट एल्बो ग्रीस, येस सर.’’ साहेब हसला, त्यानं हातात हात दिला. तुम्हाला आनंद कशाचा, तर तुमचं इंग्रजी त्याला सगळं कळलं, त्यानं एकदाही परत विचारलं नाही.

जागा शेजारच्या मशीनवरच्या काकांना मिळाली. त्यांनी सगळं ऑइल जाळलं होतं म्हणे. आईनं चादर धुतली, वाळवली आणि परत खिडकीला बांधली. ते बघून माझं डोकं फिरलं. तुमच्यामुळं गेलं, एक वाक्य म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं, असं काहीबाही मी बोलले. तुम्ही रागावला नाहीत. बूट काढता काढता म्हणालात, ‘‘अगं, इंग्रजीत बोललं म्हणून खोटं खरं होतंय व्हय?’’ आणि हात धुऊन त्या काकांना पेढे द्यायला गेलात.

पुढं शेवटपर्यंत तुमची रात्रपाळी सुटली नाही. त्याबद्दल तुमच्या तोंडून तक्रारीचा शब्द मी ऐकला नाही, आणि तुम्ही चुकलात असं तुम्हाला वाटल्याचंही कधी दिसलं नाही. आता टेबलाच्या या बाजूला बसल्यावर मला कळतं, त्या खोलीत तसं बोलायला किती छाती लागते. घरची सगळी आशा त्या जागेवर लागलेली, समोर मालकाचा माणूस, शब्द परके, आणि त्यातलंही जे आपलं नाही ते तुम्ही घेतलं नाहीत. इतकी वर्षं लोक निवडतेय, असा माणूस माझ्यापुढं अजून आला नाही. मला तुमचा फार अभिमान वाटतो, अण्णा. हे तुमच्यासमोर म्हणायचं राहून गेलं.

हे पत्र टाकायचं तरी कुठं? ऑफिसच्या कॉम्प्युटरवरच लिहितेय, वाचून झालं की पुसून टाकीन. खरं म्हणजे मी वेगळंच लिहायला बसले होते. मॅनेजरच्या जागेसाठी स्वतःबद्दल चार ओळी उद्या द्यायच्यात. पहिलीच ओळ लिहिली होती, आय ऑलवेज गो द एक्स्ट्रा माइल, म्हणजे नेमून दिल्यापेक्षा मी नेहमीच जास्त करते. तुमचा तो प्रश्न कानात आला, ह्ये माझं हाय का? साडेपाचला पर्स उचलून निघणारी बाई मी. शेवटी ऑलवेज तेवढं काढलं. एक्स्ट्रा माइल राहू दिलाय, अण्णा. मला ती जागा पाहिजे.