आलूचा पाय

प्रिय सदूभाऊ,

तुला पत्र लिहायचं तर आता पत्ता कोणता घालायचा? पण काल शाळेत बाबा जे बोलले, ते तुझ्या कानावर घातल्याशिवाय मला कारंज्याला परत जाववत नाही. सासरी कोणाजवळ बोलू? माय गोठ्यात आहे, बाबा वावरात गेलेत, तेवढ्यात ओसरीवर बसून लिहिते आहे.

खरं तर यंदा राखीला यायचंच नाही असं मी ठरवलं होतं. कोणाच्या हाताला बांधू? पण मायनेच सांगावा धाडला, "तो नाई तं आमी नाई का वं?" मग आले.

घर तसंच आहे. तू होतास तेव्हा आपण मध्यप्रदेशात होतो, आता मुंबई राज्यात गेलो म्हणतात. आपलं गाव मात्र आहे त्याच चिखलात आहे!

भाऊ, तू फौजेत गेलास तेव्हा बाबांची छाती केवढी फुगली होती, आठवतं? किसनकाकाच्या ओट्यावर रोज सकाळी तीच गोष्ट. "माह्या सदूच्या खांद्यावर बंदूक हाये. बरफात उभा राह्यते, डोयाची पापणी लवत नाई." किसनकाका बिचारे विड्या ओढत ऐकायचे. तू कधी तसं सांगितलं नव्हतंस. पण नाहीही म्हणाला नव्हतास ना!

मग त्या वर्षी कापसाची वेचणी उरकली आणि तू सुटीवर आलास. पेटीतून एक गोल डबा काढलास. मायने तो उघडून हुंगला आणि नाकाला पदर लावला.

"बाप्पा! हे काय, गाडीचं वंगण होय का?"

"चीज आहे माय. दुधाचंच असते. साहेब लोक खातात."

"दूध एवढं नासवून कायले खातात?"

दुसऱ्या दिवशी सकाळीच तू बाह्या वर सारून चुलीपुढे बसलास. मायला उठवलंस तिथून! तिचा जीव अर्धा झाला. "काहून? आमी मेलो का? पोरगा सुटीवर आला अन् रांधून राह्यला, लोक काय म्हणतीन?"

"आज माह्या हातचं खा माय. आलूचा पाय करतो."

"पाय?" माय किंचाळलीच. "देवाच्या कोनाड्याजवळ पाय शिजवतं? कोणाचा?"

"अवं, पाय म्हंजे पाय नाई. इंग्रजीत त्याचं नावच तसं आहे. कणकेच्या पारीत आलू भरतात."

"आलूले पाय कवा फुटले रे भाऊ?" मी म्हटलं आणि तू हसता हसता मागे भिंतीला टेकलास. तुझं ते हसणं मला अजून ऐकू येतं.

मी पाहत राहिले. कणकेत लोणी चोळताना तुझी बोटं कशी चालत होती! कांदा चिरताना तुझी नजर माझ्याकडे, बोलणं माझ्याशी, आणि खाली चकत्या सगळ्या एकसारख्या पातळ. उकडलेले आलू, कांदा, मिरं, साय, आणि वर ते किसलेलं पिवळं चीज. पसरट पातेलं मंद आरावर ठेवलंस, वर परात झाकलीस आणि परातीत निखारे पसरलेस. मग वासावरूनच, झाकण न उघडता म्हणालास, "आता वरून लाल होऊन राह्यलं."

असा हात एक-दोनदा करून येत नाही, एवढं मलाही कळलं. मी हळूच विचारलं, "भाऊ, तू तिकडं काय करतं?"

तू निखारे सारखे केलेस. "वच्छे, मी लांगरी आहो. फौजेचा सैपाकी. बंदूक शिकवतात सगळ्याईले, पण माह्यं काम भटारखान्यात. आज जेवू घालून बाबाले सांगतो. उपाशी माणसाले असं सांगू नाई."

किती घाबरले मी! "नोको सांगू रे," म्हटलं. तू ऐकलं नाहीस. आणि नेमकं त्याच दिवशी बाबांनी किसनकाकाला जेवायला आणलं, पोराच्या तोंडून लढाईच्या गोष्टी ऐकवायला!

तू पाय चिरून ताटात वाढलास. वरचा पापुद्रा सुरीखाली कुरकुरला, आतून वाफ निघाली, चिजाच्या तारा लोंबायला लागल्या. किसनकाकांनी घास घेतला, डोळे मिटले. "वा रे पठ्ठे! बंदूक चालवता चालवता हे कुठं शिकला?"

बाबा हसत होते. त्यांनी तुकडा मोडून हातात घेतला होता.

आणि तू सांगितलंस. उभ्या उभ्या, हातात झारा घेऊन. "काका, हेच माह्यं काम आहे. मी बंदुकीवर नाई. मी सैपाक करतो."

बाबांच्या हातातला तुकडा परत ताटात गेला. त्यांनी हात धुतले, पागोटं घेतलं आणि वावराकडे निघून गेले. किसनकाका मात्र खाली मान घालून सगळं ताट संपवून उठले. मायने मग भीत भीत एक घास खाल्ला. म्हणाली, "वास आहे, पण गोड लागते."

तुझी उरलेली सुटी तशीच गेली. बाबा ओट्यावर जाईनात, तुझ्याशी बोलेनात. मला तुझा राग आला होता, भाऊ. एक सुटी गप्प बसला असतास तर काय बिघडलं असतं? जायच्या दिवशी बाबांनी न बोलता बैल जुंपले. तुम्ही दोघंच कामरगावला मोटार गाठायला गेलात. बाबा एकटे परत आले आणि बैलांना पाणी दाखवून तसेच आडवे झाले.

त्यानंतर तू आलाच नाहीस. पुढच्या चौकीवर जेवण घेऊन चाललेली तुमची गाडी घाटात घसरली, एवढंच आम्हाला कळलं. माय किती तरी दिवस एकच विचारायची, "त्या दिशी त्यानं गरम खाल्लं असन का वं?" तिला काय सांगायचं रे?

आता कालचं सांगते.

शाळेत झेंडावंदन होतं. नव्या हेडमास्तरांनी बाबांना मानाने बोलावलं, पुढे खुर्ची दिली. सगळं गाव होतं. मी आणि माय बायकांत उभ्या. मास्तर चांगला माणूस आहे, त्याला कोणी सांगितलं असेल तसं तो बोलला. "आपल्या गावचा वीर सदाशिव, शत्रूच्या गोळ्या छातीवर झेलत..." पोरांनी टाळ्या वाजवल्या.

बाबा खुर्चीवरून उठले. मला वाटलं, निघाले! त्या दिवशी ताटावरून निघाले तसे. मायने माझा दंड घट्ट धरला.

पण ते मास्तरांच्या शेजारी जाऊन उभे राहिले. चारचौघांत कधी न बोललेला आपला बाप, भाऊ! पागोटं काढून हातात घेतलं आणि म्हणाले,

"गुरुजी, तसं नाई. माहा पोरगा गोया झेलून नाई गेला. तो सैपाकी होता. पोराईले खोटं नोका सांगू."

बाबांना धाप लागली होती. मग म्हणाले,

"त्याले सोडाले गेलो तवा गाडीत मी त्याले इचारलं, बाबू, तिकडं तू कवा जेवतं? तो म्हणे, सगळ्याईचं झाल्यावर. म्या इचारलं, अन् नाई उरलं तं? तं हासला. म्हणे, बाबा, कोणी उपाशी नाई उठलं म्हंजे माह्यं पोट भरते. असा होता माहा पोरगा. हे सांगा पोराईले."

भाऊ, गाडीत तुम्ही बोललात! मला वाटत होतं, ती सगळी वाट तुम्ही मुक्यानेच कापली. बाबांनी हे इतके दिवस कोणालाच सांगितलं नव्हतं, मायलासुद्धा नाही. तिथेच, त्या चिखलात, ती मटकन खाली बसली आणि पहिल्यांदा मोकळेपणाने रडली.

टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत. किसनकाका तेवढे पुढे झाले आणि बाबांच्या हातातलं पागोटं घेऊन त्यांच्या डोक्यावर ठेवलं.

संध्याकाळी बाबा चुलीपाशी येऊन टेकले. त्या जागी मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. एक लाकूड चुलीत सारलं. मग म्हणाले, "वच्छे, त्यानं केलं होतं ते तुले येते का?"

येतं का रे मला? तू कृती नीट सांगून का गेला नाहीस? कणकेत लोणी किती, आर किती वेळ, काही काही विचारलं नाही मी. चीज तर कारंज्यात कोणाला ठाऊकही नाही. यांना अकोल्याला पाठवीन. नाहीच मिळालं तर दूध फाडून काही तरी जमवीन. तू नावं ठेवू नकोस.

पण पोळ्याला मी परत येणार आहे आणि आलूचा पाय करणार आहे. बिघडला तर पुन्हा करीन, जमेपर्यंत करीन. बाबांना आणि मायला समोर बसवून गरम गरम वाढीन, हा माझा तुला शब्द. आणि बाबांना कोणी तुझं विचारलं, तर ते काय सांगतील याची मला आता भीती नाही.

तुझी,
वच्छी