लेबलं कुठून आली

खंडाळा, जि. सातारा
१२ ऑक्टोबर २०२५

प्रियदर्शनी,

तुझ्या नावातच ‘प्रिय’ आहे, म्हणून वेगळं लिहीत नाही. मी हरणा. माधवनगरला गिरणीच्या चाळीत राहायची, पाचवीत तुझ्या शेजारी बसायची, ती. बेचाळीस वर्षं झाली.

आम्ही इकडे बरे आहोत. मी अंगणवाडीत सेविका आहे. मुलगी समीक्षा शिरवळला कंपनीत लागली. तू सांगलीत असतेस, तुझ्या भावानं, उदयसिंहनं, तुमच्या वडिलांच्या नावानं हॉल बांधलाय, येत्या रविवारी उद्घाटन आहे, हे सगळं मला माहीत आहे. तूच सांगितलंस. समीक्षाला, फोनवर.

हो, ती मुलगी माझी. तुझे दहा हजार आगाऊ परत आले, का आले ते कळलं नसेल, म्हणून हे पत्र.

माझे वडील तीन वर्षांपूर्वी गेले. आटपाडीकडचं आमचं घर उन्हाळ्यात पाडायला काढलं, तेव्हा शेळ्यांच्या गोठ्याच्या माळ्यावर पत्र्याचा डबा सापडला. आत गिरणीची लेबलं. कापडाच्या ताग्यावर चिकटवायची, रंगीत चित्रांची. पोपट घेतलेली बाई, झुल्यावरचा कृष्ण, सोनेरी काठाचा हत्ती. रंग अजून तसेच. मी म्हटलं, बंबात घाल. समीक्षा म्हणाली, "थांब, फोटो टाकून बघते." तिनं तीन लेबलं विकायला टाकली, तीनशे रुपयांना एक.

तासाभरात फोन वाजायला लागले. अहमदाबादच्या एका माणसानं त्या तिन्हींचे नऊ हजार दिले. कागदाचे! सुरुवातीला माझं सहा महिन्यांचं मानधनही एवढं नव्हतं. समीक्षा पलंगावर उड्या मारत होती. "आई, अजून साठ हायत गं!" मग मला म्हणाली, "पण एवढी आपल्याकडं आली कशी?"

"आजोबा गिरणीत होते ना," मी म्हटलं, आणि कणीक मळायला घेतली.

दुसऱ्या आठवड्यात तुझा फोन आला. समीक्षानं स्पीकरवर टाकला होता. तू म्हणालीस, "माझे वडील त्या गिरणीत स्टोअरकीपर होते. हॉलच्या भिंतीवर फ्रेम करून लावायचीत. सगळी मला द्या, लाख रुपये देते." समीक्षानं विचारलं, ओळखली कशी एवढी जुनी? तू हसलीस. "अगं, लहानपणी मी यांच्याशीच खेळायचे."

मी हसणं ओळखलं. आगाऊ पैसे आले तेव्हा फोनवर नाव दिसलं, मग शंकाच नको. लगेच तुझ्या उदयसिंहनं टाकलेली पत्रिकाही पाहिली. ‘एक निष्कलंक सेवा’ असं छापलंय तुझ्या वडिलांच्या, नाथाजींच्या फोटोखाली.

अहमदाबादच्या माणसानं पहिल्याच फोनला विचारलं होतं, ही तुमच्याकडं आली कुठून? तू लाख रुपये द्यायला तयार झालीस, आणि एकदाही विचारलं नाहीस.

तुला विचारायची गरज नव्हती, प्रियदर्शनी. तूच तर आणून दिली होतीस.

शनिवारी वडिलांचा डबा घेऊन स्टोअरला जायचीस आणि परकराच्या नेफ्यात खोचून लेबलं आणायचीस. आपण जिन्याखाली कापडाचं दुकान मांडायचो. "आमच्या घरी बाबा बघतील, तुझ्याकडं ठेव," म्हणालीस. मी ठेवली. काही दप्तरात, बाकी त्या पत्र्याच्या डब्यात.

मग बाहेरचं कापड आमच्या गिरणीचं लेबल लावून बाजारात विकलं जातंय, असा बोभाटा झाला आणि चाळीत झडती लागली. मॅनेजर, वॉचमन आणि तुझे वडील. त्यांच्या मागं दारात तू. डब्यावर आईनं चिंध्यांचं बोचकं ठेवलेलं, तो राहिला. दप्तरातली पंचवीस निघाली. माझ्या वडिलांनी ती आयुष्यात पहिल्यांदा बघितली.

"नानासो, हे काय?" मॅनेजरनं विचारलं.

वडिलांनी माझ्याकडं बघितलं. ते म्हणाले, "मीच आणल्यात, सायेब. पोरीला चित्रं आवडत्यात म्हणून."

आणि तुझे वडील म्हणाले, "मेंढरामागनं उचलून आणला ह्याला, गिरणीत चिकटवला, आन ह्यो असा उलटला बघा."

तिसऱ्या दिवशी शाळेत तू माझ्या कानाला लागलीस. "मी बाबांना खरं सांगितलं. ते म्हणाले, आता बोललीस तर माझी नोकरी जाईल." आणि तुझी नवी पेन्सिल मला दिलीस. लाल, मागं खोडरबर असलेली.

नोकरी माझ्या वडिलांची गेली. चाळीतली खोली गेली, माझी शाळा सुटली. पुढं मी बाहेरून दहावी केली, ती लग्नानंतर. वडील पुन्हा लोकांच्या मेंढरांमागं लागले. दिवाळी झाली की कऱ्हाड, इस्लामपूरच्या पट्ट्यात शेतं खतवायला मेंढरं बसवत हिंडायचे. एका वर्षी इस्लामपूरला ज्यांच्या रानात कळप बसवला, ते रान तुमचं निघालं. तुझ्या वडिलांनी ओळखलं. गड्यांना हाक मारून सांगितलं, "आवजारं आत घ्या रं, ह्याचा हात लय वाईट हाय." त्यांना ठाऊक होतं, प्रियदर्शनी. चोर कोण ते त्यांना ठाऊक होतं, आणि तरी म्हणाले. ही गोष्ट वडिलांनी घरी आल्यावर एकदाच सांगितली, भाकरी कुस्करता कुस्करता. आई रडली तर म्हणाले, "जाऊ दे. म्हातारा झालाय त्यो."

मी जाऊ दिलं नाही.

अहमदाबादचा माणूस लेबलांचं पुस्तक काढतोय. तो म्हणाला, "सत्तर हजार देईन, पण लेबलं कुठून आली ते लिहून द्या, सहीनिशी. ते चित्रांसमोरच्या पानावर छापू." समीक्षा म्हणाली, "आई, तिकडं लाख मिळतायत!" मी तिला समोर बसवलं आणि आधी तिला सगळं सांगितलं. ती मग म्हणाली, "आजोबांना तू कधी सांगितलंस?"

नाही सांगितलं. इथवर तुझ्याबद्दल लिहिणं सोपं होतं. त्या दिवशी दारात तू गप्प राहिलीस, आणि घरात मी. तुझ्या मागं निदान बापाचा धाक होता. माझा बाप तर माझ्याकडं बघत होता, मी एक शब्द बोलायची वाट बघत असेल कदाचित. पुढं एकोणचाळीस वर्षं त्यांनी मला एकदाही विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही. शेवटच्या आजारात त्यांचे पाय दाबताना तोंडाशी आलं होतं. म्हटलं, उद्या. ती पेन्सिलही मी घेतली होती, आणि संपेपर्यंत वापरली.

दोन पानं लिहिली. स्टोअरमधून कुणी काढली, घरात कुणी लपवली, कुणाला ठाऊक होतं आणि कुणाची भाकरी गेली. नावांसकट. त्या माणसानं विचारलं, "नावं गाळू का? उगीच त्रास होईल." मी म्हटलं, गाळायची असतील तर लेबलं परत करा.

लेबलं मंगळवारी गेली. दोन पानांची एक प्रत उदयसिंहला स्पीड पोस्टनं पाठवली आहे. शुक्रवारपर्यंत मिळेल, म्हणजे रविवारी भाषणात वडिलांबद्दल काय बोलायचं ते ठरवायला त्याला दोन दिवस आहेत. दुसरी प्रत सोबत जोडली आहे, तुझ्यासाठी. खोटं काढून दाखवता आलं तर दाखव.

खोटं कशाला सांगू, पाकीट चिकटवताना बरं वाटलं. वडिलांना हे आवडलं नसतं, तेही माहीत आहे. पण त्यांना विचारायची सोय आपण दोघींनी ठेवली नाही.

चोरांत पहिलं नाव तुझं आहे, दुसरं माझं. लग्नानंतरचं आडनाव मी मुद्दाम लावलं नाही.

हरणा नानासो मेटकरी