मागची दोन पदं

१ तारीख
आलो एकदाचे. घर ऐसपैस, शाळा चालत दहा मिनिटांवर, गणिताच्या मास्तरला आणखी काय हवं? बायको स्वयंपाकघरावर खूश, आमची ठकी मागच्या दारावर. त्या चौकटीवर कुणीतरी पेन्सिलीने मुलाच्या उंचीच्या खुणा केल्यात: ९६, १०१, १०३, १०२, ९८, ९१, ८१... अशा उतरत थेट ११ सेंटिमीटरपर्यंत, जमिनीलगत. कुणाची तरी गंमत, दुसरं काय.

२ तारीख
ठकीने हट्टच धरला, म्हणून तिचीही खूण केली: ११०. वर पुढच्या वर्षासाठी आशीर्वाद म्हणून ११४ लिहून टाकले. जुन्या आकड्यांचा नियम मात्र सुचेना. फळ्यावर मांडले, तर पोरांनी मिनिटात सांगितलं की सर, फरक दर वेळी तीनने घटतो. मागची दोन पदं दिली की पुढचं सगळं ठरलं. वीस वर्षं शिकवतोय मी. दिवसभर नुसती चिडचिड.

३ तारीख
ठकी ११४ भरली. एका रात्रीत. बायको म्हणाली, तुम्हाला साधी टेप धरता येत नाही.

५ तारीख
काल ११५, आज ११३. तीन टेपा आणल्या, तिन्ही तेच सांगतात. पहिली दोन पदं मीच दिली. नसती मास्तरकी.

६ तारीख
१०८. डॉक्टर म्हणाले, पोरं ताठ उभी राहत नाहीत. परवाचा फ्रॉक आज लांब होतोय हे दाखवलं, तर म्हणे मोठ्या मापाचा घेतला असेल. डोकं आपटून घ्यावंसं वाटलं.

८ तारीख
८९. आकडे खोडले. रंग दिला. शेवटी सुताराला बोलावून चौकटच उखडली.

९ तारीख
७५. पालथ्या घड्यावर पाणी. ठकीने विचारलं, बाबा, गणित चुकलं का. हो म्हणालो.

१० तारीख
मावशीकडे नेलं तिला. तिथेही ५८. परत आलो. शंभरदा मांडून पाहिलं — कुठूनही सुरू करा, मालिका शेवटी खालीच येते.

१२ तारीख
१५. बायको तिला ओंजळीत घेऊन बसलीय. उद्याचा आकडा विचारला. येत नाही म्हणालो. येतो. वजा अकरा.

१३ तारीख
ओंजळ रिकामी. हाक आली — फरशीखालून. खाली सगळं काँक्रीट. गवंडी म्हणतो, सोमवारी बघू. सोमवारी! संध्याकाळपर्यंत दहा सेंटिमीटर. एक कमी पडला.

१४ तारीख
वजा चाळीस. मी पस्तीसपर्यंत. पाच कमी.

१५ तारीख
वजा बहात्तर. आम्ही दोघं खणतोय, साठ झाले. बारा कमी. एक, पाच, बारा — यातही तीनच. ठकी खालून म्हणते, आता थोडंच राहिलं, बाबा. तिला अजून वजाबाकी शिकवलेली नाही. उद्या वजा एकशे सात. कसं सांगू पोरीला, की मी रोज जितकं खणतो त्याहून —