वॉरंटवाला जावई

वेल्हे, सप्टेंबर १९९७

रफीक मामूंना भाचा कामरानचा सलाम.

पत्राला उशीर झाला, कारण राग निवला की लिहू असं ठरवलं होतं. तो रोज वाढतोय, म्हणून आज बसलोच. मामींचे गुडघे कसे आहेत? तुमची साखर? (माझी विचारू नका, मला हल्ली कुणी चहासुद्धा पाजत न्हाई.)

तुमी पुण्यात रिटायर झालात आणि मला कामाला लावलंत. टेम्पोवर किती दिवस हिंडशील, म्हणालात, शेअर घे, कंपनी नफ्यातला वाटा घरपोच पाठवील. व्याज न्हाई, वाटा, असं म्हणालात म्हणून जन्नतबी खालाही कबूल झाली. वर ताकीद, की घेऊन झोपायचं न्हाई. देणारी कंपनी ठेवायची, न देणारी काढायची, आणि चार अशा धरायच्या की दर मोसमाला एकीचा तरी लाभांश यावा. सगळं शब्दाबरहुकूम केलं. (बाजारभाव कापूरहोळच्या ढाब्यावर भज्यांच्या कागदावर वाचायचो. तिथली भजी आता नुसतं पीठ. असो.) पण वाटा ज्या कागदावर येतो त्याला डिव्हिडंड वॉरंट म्हणतात, हे तेवढं तुमी पोटात ठेवलंत.

मी हिंडता माणूस, म्हणून पत्ता वेल्ह्याचा, खालाचा दिला. पाकिटावर सगळं इंग्रजीत. आमचा पोस्टमन कोंडिबा, त्याला पहिला शब्द लागला न्हाई, दुसरा लागला, आणि तो त्यानं एसटी स्टँडवर मोठ्यांदा वाचला. खालानं दार लावून आतनंच सांगितलं की कामरान हितं राहत न्हाई आणि आमचा कुणी लागत न्हाई. मी तेव्हा भोंगवलीत कांदा भरत होतो. गावानं ठरवलं, फरार.

पुढच्या मोसमाला दुसरं आलं, मग तिसरं. तुमच्या आखणीपायी एक मोसम बिनवॉरंटाचा गेला न्हाई. चौथी कंपनी तोट्यात गेली, काहीच आलं न्हाई, तर या बारीला पोरगा सुटला म्हणून खालानं आळीत शिरा वाटला. आणि मी काय केलं? तुमच्या नियमानं तीच काढली आणि वर्षातनं दोनदा देणारी घेतली. ती मात्र शाकिरचाचांच्या नावानं, होणाऱ्या सासऱ्याला मंगनीची भेट. (सही कसली विचारलं, तर लग्नाच्या कामाची म्हणालो. खोटं न्हाई.)

चाचांचं कापूरहोळला पंक्चरचं दुकान. हायवेवरची प्रत्येक बातमी तिथं हवा भरायला थांबते, ही पण थांबली. त्यांनी मंगनी मोडली. मी धावत गेलो, म्हटलं, चाचा, हे वॉरंट आलं की पैसे येतात. ते ट्यूब पाण्यात बुडवत म्हणाले, “बाळा, वॉरंट आलं की पैसे जात्यात. म्या हायवेवर म्हातारा झालोय.” त्यांच्या फौजियानं (दहावी पास) वाचून दाखवायला पाकीट मागितलं, तर तिलाच आत पिटाळलं. शुक्रवारी शिरवळचे पाहुणे तिला बघायला येतायत.

मामू, भोरपासून वेल्ह्यापर्यंत मला थांबावंसं वाटेल असं एकच ठिकाण होतं, ते तुमच्या शेअरांनी घालवलं. एवढ्या शिकलेल्या कंपन्या, त्यांना चिठ्ठी म्हणता आलं न्हाई? पावती म्हणता आलं न्हाई?

तुमचा (अजून तरी) भाचा,
कामरान

ता. क. शुक्रवारच्या आत कापूरहोळला या आणि चाचांना तुमच्या तोंडानं सांगा. खरं म्हणजे पत्र त्यासाठीच. कोट घालून या.

ता. क. कोट नको. वकील वाटाल.

ता. क. पाकीट चिकटवत होतो, तर दारात शाकिरचाचा. काखेत बोचकं, मागं फौजिया. त्यांच्याही नावानं वॉरंट आलं, कोंडिबाच्या कापूरहोळच्या पोस्टमन भाईबंदानं दुकानासमोरच वाचलं. शिरवळकरांनी निरोप धाडला, येत न्हाई. चाचा दार लावून घेऊन म्हणतायत, “कामरान, तू ह्या कामात मुरलेला हाइस. चार दिस लपव आमाला. पोरीचं मग बघू, तुझ्याशिवाय आता करणार तरी कोण?” फौजिया तोंडात ओढणी कोंबून हसतेय. मामू, तुमी येऊ नका. निकाह लागेपर्यंत वॉरंटचा अर्थ कुणाला सांगू नका. आणि ती दोनदा देणारी कंपनी जन्मात विकायची न्हाई.